जागा ठेवा

औषधाच्या गोळ्या ठेवायची डबी. सात कप्पे, झाकणांवर सोमवार ते रविवार. सोमवारात चार आखूड पेच. मंगळवारात नऊ लांब. गुरुवार रिकामा.

*

माझ्या दुकानाची पाटी मीच रंगवली : 'लॅपटॉप झटपट दुरुस्त'. मी झ जुन्या वळणाचा काढते, शाळेत बाईंनी शिकवला तसाच, आणि तो भ सारखा दिसतो. शेजारचे चावीवाले काका नऊ वर्षं मला 'भटपट' अशी हाक मारतात. आता कुरियरवालासुद्धा मारतो.

*

झोपलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा श्वास घेतो.

*

डाव्या हाताच्या एका बोटाने 'ये' लिहायचं. कळ दाबायची, थांबायचं. अक्षर पडद्यावर यायला चाळीस सेकंद. तोवर बोट हवेत.

*

'इथे घाई नको.'

*

मंगळवारी सकाळी दुकान उघडून मी झाडू बाजूला ठेवत होते, तेवढ्यात ती आली. पस्तिशीची बाई, खांद्यावर जाड कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. तान्हं मूल आणतात तसा आणला होता.

"चौदा वर्षांचा आहे," ती म्हणाली. "हसू नका."

"हसत नाही. आजार काय?"

"म्हातारपण. आणि हट्टीपणा."

"लॅपटॉपचा?"

"दोघांचाही," ती म्हणाली. "लॅपटॉपचा आणि आमच्या अप्पांचा."

अप्पा तिचे सासरे. आयुष्यभर एका प्रयोगशाळेत तराजू आणि सूक्ष्मदर्शक दुरुस्त करत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कानाला सगळं ऐकू येतं, डोक्यात सगळं शाबूत आहे, फक्त तोंडातून शब्द निघत नाही. तेव्हापासून ते ह्या लॅपटॉपवर डाव्या हाताने लिहून बोलतात. चहा हवा, पंखा कमी कर, आजचा पेपर खोटारडा आहे. आता लॅपटॉपच इतका मंद झालाय, की चहा हवा हे लिहून होईपर्यंत चहाची वेळ टळते.

"नवीन घेऊन द्यायचा ना."

"टॅब आणला की ह्यांनी. अप्पांनी तो उलटा केला, चारही कडांवरून बोट फिरवलं. पेच शोधत होते. एकही नाही म्हटल्यावर सारला बाजूला. तेव्हापासून माझी लेक त्यावर मांजरं बघते."

मग तिचा आवाज उतरला. "रविवारी माझी नणंद येतेय. सहा वर्षांनी. सासूबाई गेल्या तेव्हा बापलेकीत काहीतरी झालं. काय, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. फोनही नाही त्यानंतर. आता येते म्हणाली आहे, एक दिवसासाठी. अप्पांना तिला काहीतरी सांगायचंय. गेले दोन आठवडे ते रोज तेच लिहायला बसतात, आणि तीन ओळींवर हे यंत्र गोठतं. शनिवारपर्यंत होईल?"

"होईल," मी म्हटलं. उघडून न पाहता मी असं कधी म्हणत नाही.

ती दारातून परत वळली. "पेच हरवू नका हं. त्यांना प्रत्येक पेच ओळखू येतो." आणि पर्समधून ती गोळ्यांची डबी काढून तिने माझ्या टेबलावर ठेवली. "ही त्यांनी पाठवली आहे."

*

मी कुठलाही लॅपटॉप उघडला की काहीही हलवायच्या आधी आतला एक फोटो काढते. कोणती तार कुठून गेली होती यावरून पुढे वाद नको. तसा काढला आणि मग चष्मा पुसून खाली वाकले.

वीस वर्षं हे काम करतेय. लोकांची घरं जशी असतात, तशीच त्यांच्या यंत्रांची आतली अंगं असतात. बहुतेकांमध्ये धूळ, केस, बिस्किटाचा चुरा, एखादी मेलेली मुंगी. आणि आधी कुणी हात लावला असेल तर त्याच्या घाईच्या खुणा : झिजलेल्या खाचांचे पेच, कशाही कोंबलेल्या तारा, चिप थंड ठेवणारा, पण टूथपेस्टसारखा थापलेला लेप.

ह्याच्या आत मी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पाहिली. म्हणजे ऐकली नाही, पाहिली.

तारा मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, प्रत्येक गाठ एकसारखी. डाव्या बिजागरीचं प्लॅस्टिक कधीतरी तडकलं असणार. तिथे हाताने कानस मारून बनवलेली पितळी चकती बसवली होती, नखाएवढी, कडा इतक्या गुळगुळीत की बोटाला ती संपल्याचं कळत नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती, पण गेल्या दोन वर्षांचीच. त्याखाली धातू आरशासारखा. चौदा वर्षांच्या मशीनमध्ये मूळचे बावीसच्या बावीस पेच होते आणि एकाचीही खाच बिघडलेली नव्हती. मी स्वतः इतकं नीट काम करत नाही. करते असं वाटत होतं.

आणि चिठ्ठ्या. पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे, त्यांवर टोकदार पेन्सिलीने लिहिलेलं, प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख. जितक्यांदा उघडला तितक्यांदा एक. पुढच्या वेळी उघडणाऱ्यासाठी.

'४. हा पेच आंधळा आहे. पीळ लागला की थांबा.'

'७. बंद करायचा तर पूर्ण बंद करा. अर्धवट नको.'

'११. इथे घाई नको.'

'१२. मागच्या वेळी मी केली.'

हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. चावीवाले काका दारात डोकावले.

"काय गं भटपट, लॅपटॉप विनोद सांगतोय?"

"या, बघा तरी."

काकांनी भिंग लावून पितळी चकती पाहिली. हा माणूस कुलुपाला पण नावं ठेवतो. शेवटी म्हणाले, "ह्या माणसाने आपल्या धंद्यात यायला नको होतं. आपण उपाशी मेलो असतो."

मी पांढऱ्या चिठ्ठ्या मोजल्या. एकोणीस. अठरांचं अक्षर एकच होतं, सरळ, बारीक. एकोणिसावीचं वाकडंतिकडं, मोठं, ओळ खाली घसरलेली. तारीख दीड वर्षापूर्वीची. मी सुनेला फोन केला.

"हो," ती म्हणाली. "झटक्यानंतर एकदा उघडला होता त्यांनी. डाव्या हाताने. दोन दुपारी बसले होते. एकेका पेचाला पाव तास. आम्ही मदतीला गेलो की गुरकावायचे."

एकोणिसावी चिठ्ठी डिस्कच्या खोबणीजवळ होती. दोनच शब्द.

'जागा ठेवा.'

*

बुधवारी जुनी डिस्क काढली, नवी बसवली. जुनी फिरणारी होती, कानाला लावली तर आत वाळू चाळल्यासारखा आवाज. नवीला आवाजच नाही. मेमरी दोनाची आठ केली. पंखा साफ, नवा लेप, तांदळाच्या दाण्याएवढाच, कारण आधीचाही तेवढाच होता. बॅटरी नवी. पेच त्यांच्याच डबीत, त्यांच्याच कप्प्यांत.

'जागा ठेवा' हे मला पटलं होतं. नव्या डिस्कवर थोडा भाग मोकळा सोडला तर ती जास्त टिकते. हे दीड वर्षापूर्वी, जुनीच डिस्क वापरत असताना त्या माणसाला सुचलं याचं कौतुक वाटलं. मी वीस जीबी कोरे सोडले. "ठेवली बरं का अप्पा," असं म्हटलंसुद्धा.

दुपारी सुनेचा निरोप आला. अप्पा ठीक आहेत, जेवले, दाराकडे बघत बसलेत.

गुरुवार सेटिंगचा. त्यांचा मराठी कळफलक जुन्या टाइपरायटरचा होता आणि सगळ्या फायली जुन्या फाँटमधल्या. फाँट नसेल तर त्यांचं दोन वर्षांचं बोलणं नुसते ठिपके आणि कंस होऊन बसलं असतं. तो सगळा संसार जपून नव्या घरात हलवला. सुरू होताना उगाच उठणारे एकोणतीस प्रोग्राम बंद केले. अकरा मिनिटांत उघडणारा लॅपटॉप चौदा सेकंदांत उघडला. मी तीनदा उघडून पाहिला, गरज नसताना, केवळ मजा म्हणून.

एकच गोष्ट मला त्या माणसाला शोभेशी वाटली नाही. झोपेची सगळी सेटिंग त्यांनी मारून टाकली होती. दहा मिनिटं हात लावला नाही तरी झोपायचं नाही. झाकण मिटलं तरी नाही. बॅटरी संपत आली तरी नाही. सगळीकडे 'कधीही नाही'. म्हणूनच पंखा झिजला, म्हणूनच आधीची बॅटरी फुगली. आजारपणात राहून गेलं असेल, असं मी धरलं. नीट लावून दिलं. दहा मिनिटांनी झोप. झाकण मिटलं की झोप.

साडेचारला मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. लॅपटॉप चार्जरला लावून, उघडाच ठेवून निघाले. दुसऱ्या दिवसापर्यंत झोपून सकाळी नीट उठतो का, ही माझी नेहमीची शेवटची चाचणी असते.

*

शुक्रवारी नऊ वाजता कुलूप काढत होते तेव्हाच फोन वाजला.

"ताई, लॅपटॉप जाऊ द्या," सून म्हणाली. "आज नाही केलात तरी चालेल."

"झालाय तो. काय झालं?"

"अप्पा उठत नाहीयेत. काल पावणेपाचला खुर्चीतच डोळे मिटले. आम्हाला वाटलं, डुलकी. जेवायला उठवलं, उठले नाहीत. सकाळीही नाही. डॉक्टर बसलेत इथे. नाडी चांगली, रक्तदाब चांगला, श्वास चांगला. म्हणतात, झोपलेत. पण हलवून उठत नाहीत हो. ह्यांनी रुग्णवाहिका बोलावली आहे."

मी आत आले. दिवा लावला. टेबलावर लॅपटॉप, पडदा काळा. कडेला झोपेचा छोटा पांढरा दिवा. हळूहळू उजळत होता, हळूहळू विझत होता.

मला काही सुचलं नव्हतं. रोज सकाळी जे करते तेच केलं. एक कळ दाबली.

पडदा उजळला.

"थांबा," फोनमधून ती म्हणाली. "थांबा, थांबा. अहो, डॉक्टर! डोळे उघडले! अप्पा? अप्पा, इकडे बघा."

मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज. कुणीतरी रडत हसलं. डॉक्टरांचा आवाज लांबून आला, पण स्पष्ट : "आता बोलत राहा त्यांच्याशी. जागे ठेवा."

*

जागे ठेवा.

मी पालथा पडलेला चष्मा उचलून घातला. मंगळवारी काढलेला आतला फोटो समोर होता. घसरलेली ओळ. वाकडी अक्षरं. एका हाताने, दोन दुपारींत लिहिलेली.

माणूस असेल तर जागे. लॅपटॉप असेल तर जागा.

वीस जीबी मोकळे सोडले होते मी.

*

पुढचं लिहायला मला आवडत नाही. पण मी हिशोबी बाई आहे. योगायोग एकदा होतो. दुसऱ्यांदा होतो का, हे पाहिल्याशिवाय मी कुठल्याही यंत्राबद्दल मत देत नाही.

फोन कानालाच होता. सून बोलत होती, "पाणी मागतायत खुणेने, घेतलं दोन घोट."

मी झाकण मिटलं.

त्याला झोपायला चार सेकंद लागतात. दिवा उजळला, विझला.

"अप्पा?" ती म्हणाली.

उजळला.

"अप्पा, पेला. पेला धरा. अप्पा!"

काच फुटल्याचा आवाज आला.

मी झाकण उघडलं.

*

रुग्णवाहिका रिकामी परत गेली. अप्पांनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली म्हणे, ठाम.

मी दुकानाचं दार आतून लावलं आणि झोपेची एकेक वाट बुजवत गेले. दहा मिनिटांची. झाकणाची. बॅटरीची. बटण चुकून दाबलं तर त्याचीसुद्धा. सगळीकडे 'कधीही नाही'. हाताला घाम येत होता म्हणून दोनदा धुतले.

मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, सातव्या चिठ्ठीत सांगितला होता तसा, आणि पुन्हा एकदा उघडला. कारण माझी चिठ्ठी लावायची राहिली होती. उद्या तो दुसऱ्या कुणाच्या हातात पडेल. माझ्यासारख्या शहाण्या कुणाच्या.

पांढरी पट्टी माझ्याकडे नसते. गिऱ्हाइकांच्या सामानावर लावायची पिवळी असते. तिचा तुकडा घेतला आणि दोन अर्थ निघणार नाहीत असं लिहिलं. पंख्याच्या तारेखाली तेवढाच एक कोपरा मोकळा होता, पट्टीच्या मापाचा. तिथे बसवली.

काकांनी दार वाजवलं. "दिवसाढवळ्या दार लावून काय चाललंय? चहा आणलाय."

त्यांनी कप ठेवला, वाकून पाहिलं. "भोपवू नका," त्यांनी वाचलं. "भोपवू नका म्हणजे काय गं?"

"झ आहे तो, काका."

"देवाला माहीत," काका म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी पुढचा विनोद केला नाही.

*

शनिवारी मी स्वतः नेऊन दिला. टॉवेलात गुंडाळून, टॅक्सीत मांडीवर घेऊन.

खिडकीपाशी टेबल. टेबलाच्या पायांखाली रबरी वाट्या, जमिनीचा थरथराट वर येऊ नये म्हणून. भिंतीवर हत्यारं, प्रत्येकामागे त्याची पेन्सिलीने काढलेली आकृती, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच कळावं. सगळी जागेवर होती. दीड वर्ष ती कुणी काढली नव्हती, आणि तरी कुणीतरी रोज पुसत होतं. "मीच," सून म्हणाली. "नाहीतर ते स्वतः उठायला बघतात."

अप्पा बारीक, ताठ, दाढी नुकती केलेली. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडे हात केला. उलटा करून मांडीवर घेतला. डाव्या अंगठ्याने एकेका पेचावरून गेले, बावीसही. चौथ्या चिठ्ठीतल्या आंधळ्या पेचावर थांबले. मी पीळ लागल्यावर सोडला होता. अंगठा पुढे गेला. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग सुरू केला. चौदा सेकंद. भुवया वर गेल्या. कान पंख्याशी नेला, ऐकलं. कळ दाबली, आणि बोट उचलायच्या आत अक्षर पडद्यावर होतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, जणू त्यानेच काही चावटपणा केला.

सून रडायला लागली. "आता बडबड करून आम्हाला नको नको करून सोडणार हे."

अप्पांनी लिहिलं. सलग, न थांबता.

'हात चांगला आहे तुमचा.'

वीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. किती दिवसांत, कितीला, गॅरंटी काय, एवढंच विचारतात. मी म्हटलं, "तुमच्याकडूनच शिकले, अप्पा. चिठ्ठ्यांवरून."

मग त्यांचं बोट पुन्हा खाली आलं.

'पण दोनदा?'

"काय दोनदा?" सुनेने विचारलं.

"पंखा," मी म्हटलं. "पंखा दोनदा काढावा लागला."

अप्पा माझ्याकडे पाहत राहिले. मग ओठांची जी बाजू हलत होती, ती हसली. त्यांनी ती ओळ पुसली, एकेक अक्षर.

*

रविवारी दिवसभर मी घरी होते आणि दर तासाला फोन बघत होते. संध्याकाळी सहाला सुनेचा निरोप आला :

'सकाळी दहाला बसले ते अजून बसलेत. नणंद वाचते, रडते, मग तीही लिहिते. मी म्हटलं वन्सं, त्यांना ऐकू येतं, तुम्ही तोंडाने बोला की. तर म्हणाली, नको, असंच बरं. अकरा पानं झालीत. जाणार होती आज, राहतेय. ताई, तुमचे हात सोन्याचे आहेत.'

मी उत्तरात एवढंच लिहिलं : 'झाकण मिटलं तरी चालेल. आता झोपत नाही तो.'

*

तो फोटो मी काढला मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, काहीही हलवायच्या आधी. त्यात पंख्याच्या तारेखाली एक पिवळी पट्टी आहे. तिच्यावर 'भोपवू नका' असं वाचता येतं.